चार आकडी मंत्र

सभेत बोलायला वेणीमाधवराव फार घाबरायचे, आणि त्या दिवशी न बोलल्यामुळेच ते सापडले.

१९९९चा कार्तिक तोंडावर आला होता. काशीत दूधविनायकावरच्या मराठी घरांनी मिळून एक यात्रीमंडळ चालवलं होतं. नागपूर, अकोला, सोलापूर, कुठून कुठून कार्तिकस्नानाला आलेली म्हातारी माणसं इथल्या गल्ल्यांत हरवायची. त्यांना शोधून बिऱ्हाडी पोचवायचं, हे मंडळाचं मुख्य काम. शोधायचं म्हणजे पंचगंगा घाटावरच्या भोंग्यातून नाव पुकारायचं आणि वाट बघायची. आकाशातून आपलं नाव ऐकू आलं की हरवलेली म्हातारी आणखीच भेदरायची आणि उलट्या दिशेला चालू लागायची. गेल्या साली अकोल्याच्या एक आजी अशाच चालत चालत पार राजघाटाच्या पुलापर्यंत पोचल्या होत्या.

म्हणून मोबाइल फोनच्या एका कंपनीनं आठ फोन कार्तिकभर वापरायला देऊ केले तेव्हा मंडळात आनंदीआनंद झाला. महिना नीट पार पडला तर फोन मंडळाकडेच राहणार होते. ते घेऊन आलेला निमिष हा कंपनीचा तरुण माणूस लखनौच्या मराठी घरातला. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि घाईत असला की दोन्ही एकदम. त्यानं सगळं समजावून सांगितलं. एका फोनवरून फक्त उरलेले सात लागतील, बाहेर कुठे लागणार नाही. फोन चालू करताना तो चार आकड्यांचा गुप्त नंबर मागेल. तीनदा चुकलं की मुका होऊन बसेल, मग ज्याच्या ताब्यात सगळे फोन आहेत त्या माणसाशिवाय तो कुणाला उघडता येणार नाही.

“आणि काका, नंबर एकाचा दुसऱ्याला कळता कामा नये,” निमिष म्हणाला. “एका गावात असेच फोन दिले होते. नंबर सगळ्या मोहल्ल्याला मालूम झाले आणि दोन फोन चोरबाजारात निघाले. पौर्णिमेला मी तपासायला येणार. एक जरी नंबर बाहेर गेलेला दिसला, तर आठही वापस.”

आता आठ फोन ताब्यात ठेवणारा माणूस हवा होता. पहाटे वाटायचे, संध्याकाळी मोजून घ्यायचे, रात्री चार्जिंगला लावायचे, नंबर बसवायचे. एकेकजण कारण सांगू लागला. कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाचे डोळे अधू होते. बँकेतले प्रल्हाद, ज्यांचा आवाज मंडळाच्या भोंग्याच्या तोडीस तोड होता, त्यांच्याकडे नेमका तपासणीचा महिना होता. वेणीमाधवराव सतरंजीकडे बघत मनातल्या मनात नकार जुळवत होते. नकार नम्र असावा, पण ठाम असावा, कुणाला उद्धट वाटू नये. तो जुळेपर्यंत प्रल्हाद उठून म्हणाले की संस्कृत ग्रंथालयात या माणसानं सारी नोकरी केली आणि एक पुस्तक गहाळ होऊ दिलं नाही, मोठमोठ्या आचार्यांच्या घरून पोथ्या परत आणल्या. टाळ्या वाजल्या. वेणीमाधवरावांनी मान वर केली तेव्हा आठ फोनांचा खोका त्यांच्या मांडीवर होता.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सारा जन्म त्यांनी ज्या वस्तू सांभाळल्या त्या गप्प बसणाऱ्या होत्या. या आठही वाजणाऱ्या. त्यांची पत्नी प्रेमलाबाई मात्र खूष होत्या. संध्याकाळच्या आत त्यांनी गल्लीत सगळीकडे सांगून टाकलं होतं की आमच्या ह्यांच्याकडे आठ मोबाइल आहेत. आता फोन परत गेले तर मंडळाची पंचाईत व्हायची ती व्हायचीच, पण प्रेमलाबाईंना गल्लीत मान खाली घालून चालावं लागलं असतं, आणि हे वेणीमाधवरावांना सोसणारं नव्हतं. शिवाय, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा हळूच कबूल केलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी टाळ्या वाजवून त्यांच्या हाती काही सोपवलं होतं.

त्यांनी कामाला सुरुवात केली ती त्यांना येत होती त्याच पद्धतीनं. प्रत्येक फोनच्या पाठीवर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लावतात तशी पांढरी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर फोनचा क्रमांक आणि खाली बारीक, वळणदार अक्षरात एक ओळ: ‘मदतीसाठी १ दाबून धरावा.’ एकचं बटण दाबून धरलं की आठांपैकी वेणीमाधवरावांनी घरी ठेवलेला फोन वाजायचा. बटणांवरचे इंग्रजी आकडे मंडळातल्या म्हाताऱ्यांना वाचता येईनात, म्हणून प्रत्येक बटणावर मराठी आकड्याची चिमुकली चिठ्ठी डकवली. निमिषला हे सोंग फारसं आवडलं नाही, पण नियमात बसत नाही असंही त्याला म्हणता येईना.

मग गुप्त नंबर. वेणीमाधवरावांनी एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं, मुंजीत बटूच्या कानात मंत्र सांगतात तसा कानात सांगितला, आणि मनातच ठेवा म्हणून बजावलं. सगळ्यात शेवटी आले विश्वेशगुरुजी. हे प्रेमलाबाईंचे थोरले भाऊ. पंचगंगेवरचे जुने तीर्थोपाध्याय, सगळा वेद पाठ असलेले घनपाठी, उंचेपुरे, आणि आवाज असा की घाटावर संकल्प सोडला तर वरच्या गल्लीतल्या माणसाला पुण्य लागावं. त्यांनी डोळे मिटून नंबर ऐकला. सात, चार, नऊ, दोन. मग गंभीरपणे मान हलवून म्हणाले, “काळजी करू नका. पाठ करतो.”

तिथंच वेणीमाधवरावांच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

चारपाच दिवसांनी ते पहाटे फोन वाटायला निघाले होते. गुरुजींच्या घराखालून जाताना वरच्या खिडकीतून पाठ ऐकू आला. नेहमीचाच सूर, नेहमीचीच हातांची लय असणार. पण शब्द ऐकून वेणीमाधवराव जागच्या जागी थांबले.

“सात चार नऊ दोन,” गुरुजी म्हणत होते. “सात चार, चार सात, सात चार. चार नऊ, नऊ चार, चार नऊ. नऊ दोन, दोन नऊ, नऊ दोन. सात चार नऊ दोन.”

पिढ्यान्‌पिढ्या या घरानं जे जे लक्षात ठेवलं ते असंच ठेवलं होतं. शब्द सुलटा म्हणायचा, उलटा म्हणायचा, पुन्हा सुलटा, म्हणजे एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. मनातल्या मनात पाठ करणं ही गोष्टच गुरुजींना ठाऊक नव्हती. आणि मंडळातल्या आठांपैकी पाच घरं वैदिकांची. वेणीमाधवराव गल्लीत तसेच पुढे गेले. दुसऱ्या खिडकीतून दुसरा नंबर येत होता. तिसरीतून तिसरा. कोपऱ्यावर फुलवाली तुळशीच्या माळा ओवता ओवता “नऊ दोन, दोन नऊ” असं गुणगुणत होती. वेणीमाधवरावांना पाहून तिनं हसून विचारलं, “बाबूजी, ई कौन भजन है? बड़ा अच्छा धुन है.”

वेणीमाधवरावांनी भीत भीत गुरुजींपाशी विषय काढला. गुरुजींना त्यांचं म्हणणंच कळेना. म्हटलं नाही तर राहील कसं लक्षात, त्यांनी विचारलं. हळू म्हणा, असं वेणीमाधवरावांनी सुचवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हळू म्हटलं. तेव्हा ते फक्त शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं.

नंबर बदलून उपयोग नव्हता. नवे नंबरही पाठच झाले असते. वेणीमाधवरावांनी ठरवलं की निमिष येईल तेव्हा त्याला खरं सांगून टाकायचं. लगेच त्यांना वाटलं, पण न विचारता कशाला सांगायचं? मग वाटलं, असं वाटणं म्हणजे लबाडीच. प्रेमलाबाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या की तुम्ही जेवून घ्या, पौर्णिमा अजून लांब आहे.

फोनांचं काम मात्र झकास चाललं होतं. भोंग्याचं तोंड बंद झालं. भोसले घाटावर सापडलेले काका दूधविनायकावर पोचेपर्यंत त्यांच्या बायकोला निरोप गेलेला असायचा. बॅटरी टिकावी म्हणून गंगेवर जाताना किंवा पूजा सांगताना फोन बंद ठेवायचा आणि लागेल तेव्हा चालू करायचा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. गुरुजी तर फोन चालू करताना आधी नंबर एकदा मोठ्यानं म्हणायचे, मग एकेक बटण बोटानं दाबायचे, जसं काही देवाला अक्षता वाहतायत.

हे रोज बघत होत्या दिग्रसच्या गीताबाई. त्यांच्या सासरचे कैक पिढ्या गुरुजींच्याच घरी उतरत आले होते, त्याही महिनाभर तिथेच उतरल्या होत्या. बाई साधी, हसरी, अंगानं काटक. पहाटे गुरुजींच्या पाठानं त्यांना जाग यायची. बाकीचा पाठ त्यांच्या डोक्यावरून जायचा, पण त्या शेवटच्या मंत्रातलं अक्षर न्‌ अक्षर त्यांना कळायचं. काशीतले मंत्र आपल्या बोलीतही असतात याचं त्यांना फार कौतुक वाटलं. अर्थ काय असेल ते गुरुजींना विचारायची हिंमत झाली नाही, पण मंत्र सोपा होता आणि गुरुजी तो कधी चुकवत नव्हते. त्यांनी तो घेतला. स्नानाला जाता-येता, माळेचा एकेक मणी ओढत, त्या मनोभावे म्हणायच्या: सात चार नऊ दोन.

वैकुंठ चतुर्दशीला गीताबाईंच्या बरोबरीच्या बायका साड्या घ्यायला बाजारात गेल्या. गीताबाईंचा नवस होता, गंगेच्या पलीकडच्या वाळवंटात वाळूचं शिवलिंग करून पूजा करण्याचा. गुरुजी त्यांना घेऊन नावेनं पलीकडे गेले. नाववाल्यानं दोघांना वाळूवर उतरवलं, घटकाभरात येतो म्हणाला आणि दुसऱ्या सवाऱ्या आणायला निघून गेला. धुकं दाट होतं. अलीकडचे घाट पुसून टाकल्यासारखे नाहीसे झाले होते. दूरवर दुसरं कुणी दिसत नव्हतं.

गीताबाईंनी वाळू ओली करून लिंग थापायला घेतलं. गुरुजी बाजूला बसून सूचना देत होते. जरा वेळानं त्यांच्या सूचना विचित्र होऊ लागल्या. आधी त्यांनी वाळूत वेलदोडे घालायला सांगितलं. मग गीताबाईंना आपल्या मुंजीचं आमंत्रण दिलं. बाई हसल्या, पण वळून बघतात तर गुरुजींच्या कपाळावर एवढ्या थंडीत घामाचे थेंब होते आणि हात थरथरत होते. बघता बघता ते वाळूवर आडवे झाले.

गीताबाईंनी हाका मारल्या. धुक्यानं त्या गिळून टाकल्या. मग त्यांना गुरुजींच्या झोळीतला फोन आठवला. काढला, तर बंद. वरचं बटण गुरुजी दाबून धरायचे, तसं धरलं. दिवा लागला आणि फोन वाट बघत राहिला. इथं गुरुजी काय करायचे? आधी मंत्र म्हणायचे. गीताबाईंनी डोळे मिटून मंत्र म्हटला आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की मंत्रातली अक्षरं बटणांवर मराठीत लिहिलेली आहेत. त्यांनी म्हणत म्हणत दाबली. फोन किणकिणला. पाठीवरची ओळ त्यांनी अक्षर लावून वाचली आणि एकचं बटण असं धरलं की सोडेचनात.

दूधविनायकावर वेणीमाधवरावांच्या मांडीवर पुस्तक होतं आणि मनात पौर्णिमा होती. फोन वाजला की अजूनही ते दचकायचे. प्रेमलाबाईंनी तो उचलून त्यांच्या कानाला लावला.

“गुरुजी बोलत नाहीत,” पलीकडून बाईचा आवाज आला. “म्हणजे बोलतात, पण भलतंच. घामानं भिजलेत. वाळूवर पडलेत. मी दिग्रसची गीता, नदीच्या पल्याड.”

फोनला कान लावून उभ्या असलेल्या प्रेमलाबाईंचा चेहरा उतरला. दादानं साखरेवरची गोळी घेतली असणार आणि वर उपास धरला असणार, त्या म्हणाल्या. साखर उतरली त्याची. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. काहीतरी गोड पोटात गेलं पाहिजे, आत्ताच्या आत्ता.

“तुमच्याजवळ काही गोड आहे का?” वेणीमाधवरावांनी विचारलं.

“पेढे आहेत. पण नैवेद्याचे. अजून देवाला दाखवले नाहीत. आणि पूजा झाल्याशिवाय गुरुजी तोंडात पाणीसुद्धा घालत नाहीत.”

सबंध नोकरीत वेणीमाधवरावांनी वाचकांना गप्प करायला ओठांवर बोट ठेवलं होतं, त्याहून मोठा आवाज कधी काढला नव्हता. पण त्या घटकेला ते उभे राहिले, मांडीवरचं पुस्तक खाली पडलं, आणि त्यांचा आवाज गल्लीत दोन्ही बाजूंना गेला.

“देवाला लांबूनच दाखवा. मग कुस्करून थोडा थोडा त्यांच्या तोंडात घाला, आणि गिळतात ना ते बघत राहा. जे काही पाप लागेल ते माझ्या नावावर.”

मग त्यांनी पंचगंगेवर प्रल्हादांना फोन लावला. प्रल्हाद घाटावरच्या गर्दीचं वर्णन करू लागले. वेणीमाधवरावांनी त्यांना मध्येच तोडलं. “आधी नावेत बसा,” ते म्हणाले. “मग बोला.” प्रल्हाद आयुष्यात पहिल्यांदा निमूट बसले.

मग गुरुजींचा फोन पुन्हा लावला. गीताबाई सांगत होत्या. पेढा गेला. दुसरा गेला. गुरुजी डोळे उघडतायत. गुरुजी विचारतायत की पेढा कुणाच्या दुकानातला. प्रेमलाबाई मट्‌कन खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसता पुसता हसू लागल्या. प्रल्हादांची नाव धुक्यातून वाळूला लागली तेव्हा गुरुजी उठून बसले होते आणि गीताबाईंना रागावत होते, कारण त्यांनी लिंगाची शाळुंका उत्तरेऐवजी पूर्वेला केली होती.

ही हकिकत दुपारपर्यंत गल्लीत पसरली आणि रात्रीपर्यंत लखनौला पोचली. दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, निमिष आला तो कॅमेरा घेऊनच. वेणीमाधवरावांच्या बैठकीत आठही फोन पांढऱ्या फडक्यावर मांडून ठेवले होते, एकालाही ओरखडा नव्हता. मंडळाची सगळी मंडळी बसली होती. गुरुजींना मधोमध बसवलं होतं, आणि गीताबाईंना त्यांच्या शेजारी. निमिषनं दोघांचा फोटो काढला. म्हणाला, बढिया, साहेब खूष होतील. मग खिशातून पेन काढता काढता सहज विचारलं की फोन बंद होता ना, मग तो आजींनी उघडला कसा?

गीताबाईंना मंत्राची खरी गोष्ट एव्हाना कळली होती. त्या पदराशी चाळा करू लागल्या. प्रल्हादांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली की गुरुजींनीच आधी फोन उघडून बाईंच्या हाती दिला होता, मग ते पडले. ऐकायला अगदी ठीक वाटत होतं. निमिष लिहूनही घेत होता.

वेणीमाधवराव फोनांकडे बघत होते. प्रेमलाबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. सभेत बोलायला ते घाबरायचे, तसे आताही घाबरले. पण घाबरून गप्प बसलं की काय होतं ते त्यांनी या महिन्यात पाहिलं होतं.

“प्रल्हाद चुकतायत,” ते हळू म्हणाले. “बाईंना नंबर माहीत होता. पाच फोनांचे नंबर सगळ्या गल्लीला माहीत आहेत. आम्ही पाठ केले.”

निमिषला खरं वाटेना. गुरुजींनी त्याच्या समजुतीसाठी सात-चारचा पाठ उलटसुलट म्हणून दाखवला. तो संपतो न संपतो तोच खालून फुलवालीनं सूर धरला. निमिषनं पेन बंद करून खिशात ठेवलं.

“काका, मग माझा नाइलाज आहे,” तो म्हणाला. “उसूल तो उसूल. आजींनी फोन केला, गुरुजी वाचले, मानतो. पण उद्या हाच फोन कुणी उचलून नेला तर? वापस न्यावे लागतील.”

सगळे वेणीमाधवरावांकडे बघू लागले, काहीजण रागानं. वेणीमाधवरावांनी एक फोन हातात घेतला, पाठीवरची चिठ्ठी अंगठ्यानं सरळ केली, आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. ते म्हणाले की चूक मंडळींची नाही, त्यांची स्वतःची आहे. त्यांनी लोकांना नवे आकडे दिले, आणि नवी गोष्ट म्हटल्याशिवाय इथे कुणाच्या लक्षात राहत नाही. तेव्हा नवं काही द्यायचंच नाही. प्रत्येकानं आपल्या आयुष्यातलं असं एक साल घ्यावं, की जे कधी विसरता येत नाही आणि जे कुणाला सांगायची लाज वाटते. ते पाठ करावं लागणार नाही, आणि मोठ्यानं म्हटलं जाण्याची तर भीतीच नाही.

एकेकजण छताकडे बघू लागला. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कोणे एके काळी भर सभेत पाठ म्हणता म्हणता अडले होते, त्या सालची ती लाली होती, हे त्यांच्या बहिणीनं दारातूनच ओळखलं.

निमिष हसू दाबत होता, पण तो होता पक्का. म्हणाला, सगळ्यांची सालं एकोणीसनंच सुरू होणार, मग चोराचं अर्धं काम झालंच की. त्यावर गुरुजी म्हणाले की मग उलटं दाबायचं, उलटं म्हणणं आमच्या घरचंच आहे.

“आणखी एक,” वेणीमाधवराव म्हणाले. आता सुटलेच होते तर राहिलेलंही बोलून टाकावं, असं त्यांना झालं होतं. “नंबर एकट्याजवळ नको. काल तो फक्त गुरुजींजवळ असता, तर त्यांच्याबरोबरच वाळूवर पडून राहिला असता. मुंजीत मंत्र कानात सांगतात, तो गुप्तच असतो, पण सांगणारा आणि ऐकणारा असे दोघे असतात. प्रत्येकानं आपला नंबर दुसऱ्या एका माणसाला सांगायचा. एकालाच.”

निमिषनं विचार केला. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हतं. पण त्यानं एकदा गीताबाईंकडे बघितलं, एकदा गुरुजींकडे, आणि म्हणाला की महाशिवरात्रीपर्यंत फोन राहू देत, तेव्हा येऊन बघतो. खालून फुलवाली नवं काही गात असली, तर मात्र बोलायचं नाही.

नंबर बसवायला वेळ लागला. एकेकजण फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मग दुसऱ्या माणसाला सांगायची वेळ आली तेव्हा बायकांना आत बोलावलं. नवरे खाली मान घालून कानात सांगत होते, आणि बायका एकामागून एक म्हणत होत्या की हे काय सांगायचं, हे तर मला ठाऊकच आहे. प्रल्हादांच्या कुजबुजण्याचं मात्र काही करता आलं नाही. ते कोणत्या साली मॅट्रिकला नापास झाले ते सगळ्या बैठकीनं ऐकलं, आणि त्यांना दुसरं साल शोधावं लागलं. ते त्यांना लगेच सापडलं.

मंडळी पंचगंगेवर दीप लावायला गेली. घरात वेणीमाधवराव आणि प्रेमलाबाई उरल्या. वेणीमाधवरावांचा फोन तसाच होता. त्यांची अडचण वेगळी होती. लाज वाटावी अशी सालं इतकी होती की त्यातलं एक निवडणं कठीण. पण निवडायला बसल्यावर बाकीची सगळी बाजूला सरली आणि एकच राहिलं. त्यांनी ते उलटं दाबलं, फोन बंद केला आणि बायकोला हाक मारली. सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

“राहू द्या,” प्रेमलाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन घेतला, चालू केला, आणि चष्मा कपाळावर सरकवून सावकाश चार बटणं दाबली. नऊ, पाच, नऊ, एक. फोन किणकिणला.

एकोणीसशे एकोणसाठ साली वेणीमाधवराव प्रेमलाबाईंना बघायला गेले होते. वडीलधारे म्हणाले, मुलीला काहीतरी विचारा. सगळी बैठक वाट बघत होती. वेणीमाधवरावांची नजर भिंतीजवळच्या पोथ्यांच्या कपाटाकडे गेली, आणि एवढ्या माणसांसमोर त्यांनी त्या मुलीला विचारलं की तुमच्या घरी वाळवी आहे का. नंतर कित्येक वर्षं तो प्रश्न आठवला की ते रस्त्यात चालता चालता डोळे मिटून घ्यायचे. त्यांना वाटायचं, ती विसरली असेल.

“तुला आठवतं?” त्यांनी विचारलं.

“आठवतं तर,” प्रेमलाबाई म्हणाल्या. फोन त्यांच्या हाती देऊन त्या दिव्यांचं ताट उचलायला आत वळल्या, आणि दारात थांबल्या. “मी नाही म्हणाले होते. पण होती हो. खालचा आख्खा खण खाल्ला होता. मला वाटलं, खरं सांगितलं तर तुम्ही उठून जाल.”